आडवाटेनं नेणार न्हाय

माझा धाकटा भाऊ पटकीनं गेला तेव्हा पाच वर्षांचा होता. आम्ही त्याला भर सकाळी, भर गावातून, हलगी वाजवत आणि गाणं म्हणत नेलं. त्यावरून गावानं आम्हाला निर्लज्ज म्हटलं. माझ्या आईनं तो शब्द पुढं आयुष्यभर मिरवला. म्हणून ते सगळं मी सांगते आहे, काही न झाकता.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, लासुर्ण्याहून पायी जाऊन यावं इतक्या अंतरावर. कालव्याखाली ऊस, भाजीचे मळे, पेरूच्या बागा. कालव्याच्या वर नुसता माळ. आमची वस्ती माळाच्या कडेला, ओढ्यापलीकडे. दोर वळणं आणि हलगी वाजवणं हे आमच्या घराकडचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. लग्न असो, पोळा असो, कुस्त्यांचा फड असो की मयत, सगळ्यांच्या पुढं आमच्या घरची हलगी असायची.

बा ख्रिस्ती झाला तो बारामतीच्या बाजारात. दोर विकायला बसायचा तिथं शेजारी एक म्हातारे गृहस्थ पेटी वाजवून प्रभूची गाणी म्हणायचे. बा सांगायचा, "आदी मला चाल आवडली. मग ज्याच्यावर गाणं हाय, त्यो आवडला." एवढंच त्याचं धर्मशास्त्र. आईला मात्र हे पटायला दोन-तीन वर्षं लागली. नवरा बाटला म्हणून ती माहेरी जाऊन बसली होती. पण एकदा तिनं स्वतःहून बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिला हलवणं कुणाला जमलं नाही, बालासुद्धा नाही.

बानं हलगी सोडली नव्हती. महिन्यातून एकदा बारामतीहून पाळकसाहेब सायकलवर यायचे तेव्हा उपासना व्हायची. बाकीच्या रविवारी आमच्या अंगणात आम्ही चौघं आणि हलगी. गावाच्या लग्नाला, मयताला बा पूर्वीसारखाच जायचा. फक्त एक गोष्ट त्यानं बंद केली होती. रोगराईची देवी मरीआई, तिच्या गाड्यापुढं तो वाजवत नसे. त्याचा थोरला भाऊ, म्हणजे आमचे तात्या, वाजवायचे. रोगाची साथ नसली की गाडा निघायचाच नाही, त्यामुळं बरीच वर्षं हा वाद कुणाच्या गळ्याशी आला नव्हता.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी बारामतीच्या बोर्डिंगात राहून फायनल पास झाले होते आणि मास्तरणीची नेमणूक येईल म्हणून घरी वाट पाहत होते. त्या उन्हाळ्यात पटकी आली. आधी वरच्या आळीत एक म्हातारी गेली, मग एक बाळंतीण, मग एक चांगला धडधाकट गडी. इंदापूरहून सरकारी माणूस आला. त्यानं विहिरीविहिरीत लाल औषध टाकलं, आमच्या वस्तीच्या विहिरीतही टाकलं, आणि पाणी उकळून प्या म्हणून सांगून गेला.

गावानं गाडा काढायचं ठरवलं. मरीआईला गाड्यात बसवायचं, साडी-चोळी नेसवायची, प्रत्येक उंबऱ्याचा नारळ-नैवेद्य घ्यायचा आणि वाजतगाजत शिवेपार पोचवायची. एक उंबरा जरी राहिला तरी देवी मागं फिरते, असं सगळे मानत. त्यांची भीती खोटी नव्हती. घरोघरी माणसं मरत होती.

तात्या संध्याकाळी आमच्या दारात आले. बसले नाहीत.

"उद्या नारळ आन् भाकरी दे. आन् गाड्यापुढं माझ्या जोडीनं उभा ऱ्हा."

बा दोर वळत होता. म्हणाला, "दादा, गावात कोण आजारी पडलं तर रातंदिस बसंन. मयताला वाजवीन. पण ह्यो नारळ न्हाय."

"गाव मला इचारतंय. तुझा भाऊ बाटला म्हणून आई कोपली म्हणत्यात. मी काय तोंड दाखवू?"

"माझ्याकडं पाठवून दे त्यास्नी. मी दाखवीन तोंड."

तात्यांचा आवाज फुटला. "आरं, एक नारळ! तुझा येशू काय एका नारळानं मरतुया व्हय?"

"त्यो मरत न्हाय. पर मी खोटा पडतो."

दुसऱ्या दिवशी आई घागर घेऊन विहिरीवर गेली तर तात्या आणि वस्तीतले आणखी काहीजण काठावर उभे होते. नारळ येईपर्यंत पाणी बंद. आईनं भांडण केलं नाही. रिकामी घागर कमरेवर घेऊन ती तशीच कालव्यावर गेली. म्हणजे ज्या विहिरीत औषध पडलं होतं ती आम्हाला बंद झाली आणि साऱ्या गावची धुणी, गुरं जिथं उतरत होती तो कालवा उघडा राहिला.

मी बोर्डिंगात शिकले होते, तशी एकेक घागर उकळून घेत होते. गाळून, झाकून ठेवत होते. पण पाच वर्षांच्या पोराला कोण बांधून ठेवणार? आई कालव्यावर कपडे धूत असताना तो तिच्या पाठीमागं खेळत असायचा. ओंजळीनं प्याला असेल. कुणी पाहिलं नाही.

एका पहाटे त्याला जुलाब सुरू झाले. दिवस वर यायच्या आत डोळे खोल गेले, पायात गोळे येऊ लागले. आई त्याचे पाय चोळत होती, मी चमच्यानं पाणी घालत होते, घातलेलं सगळं बाहेर येत होतं. बा गाडी मागायला गावात धावला. दोन घरांनी नाही म्हटलं. कालव्याखालचे पेरूच्या बागेचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी मात्र काही न विचारता बैल सोडले. गाडी वस्तीच्या तोंडाशी आली तेव्हा माझ्या हातातला चमचा त्याच्या ओठांशी तसाच राहिला होता. तो गेला होता.

बा गाडीमागून धावत आला. आईनं त्याच्याकडं पाहून फक्त मान हलवली. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्यानं ढोपरात डोकं घातलं. अण्णा दारात उभे राहिले, डोक्यावरचा पटका काढून हातात घेऊन.

थोड्या वेळानं तात्या आले. त्यांचे डोळे लाल होते. माझा भाऊ त्यांच्याच ताटात जेवून मोठा झाला होता. त्यांना पोरबाळ नव्हतं. पण त्यांच्यामागं वस्तीतली माणसं उभी होती आणि जे बोलायला पाठवलं होतं ते त्यांना बोलावंच लागलं.

"आमच्या जागंत पुरता येणार न्हाय. आदी नारळ द्या."

माझ्या अंगातून आग निघाली. मी काही बोलणार तोच बानं मान वर केली. "न्हाय," तो म्हणाला. एवढंच. तात्या वळून गेले.

मग अण्णा बोलले. "माझ्या बागेच्या वरच्या बांधाला लिंब आहे. पाटापासून लांब आहे ती जागा. तिथं ठेवा लेकराला. माझ्या बांधाचं मला कोण विचारतंय!"

रात्रभर आम्ही त्याच्याजवळ बसलो. सकाळी बानं बाभळीचे दोन दांडके घेतले आणि स्वतः वळलेल्या दोरानं आडवेउभे बांधले. माझ्या हातात क्रूस दिला. पाळकसाहेबांना निरोप धाडला असता तर ते यायला दुपार उलटली असती, आणि अशा आजारात थांबता येत नव्हतं. आईनं पोराला पांढऱ्या धडप्यात गुंडाळून छातीशी घेतलं. खांदा द्यायला चौथं माणूस नव्हतंच.

बागेकडं जायला दोन वाटा होत्या. एक ओढ्यातून, काट्याकुट्यातून, गावाला वळसा घालून. आमच्या वस्तीची मयतं तिकडूनच जायची. दुसरी वेशीतून, चावडीवरून, सरळ. मला वाटलं बा ओढ्यात उतरेल. त्यानं खुंटीवरची हलगी काढली, विस्तवावर धरून तापवली, गळ्यात अडकवली.

आई म्हणाली, "वाजवनार?"

"सगळ्या गावाच्या मयताला वाजवली. माझ्या लेकरानं काय केलंय? आन् आडवाटेनं नेणार न्हाय. चोरी केली न्हाय त्यानं."

आई निघाली. वस्तीतून जाताना तात्यांच्या घराच्या दारात माझी थोरली चुलती उभी होती. तोंडात पदराचा बोळा कोंबलेला. ती एक पाऊल पुढं आली आणि आतून खाकरल्याचा आवाज आला तशी थांबली.

वेशीत शिरलो तेव्हा हलगीचा आवाज भिंतींवर आदळून दुप्पट झाला. दारं उघडू लागली. बा मयताचा ठेका वाजवत नव्हता. रविवारचा वाजवत होता, गाण्याचा. आईनं गाणं धरलं. पहिल्या ओळीला तिचा आवाज इतका चिरकला की मला वाटलं आता ती खाली बसणार. ती बसली नाही. दुसऱ्या ओळीला मी तिच्यात आवाज मिसळला. क्रूस मी दोन्ही हातांनी उंच धरला. 

चावडीपुढं आमच्या नारळासाठी खोळंबलेला मरीआईचा गाडा सजत होता. हिरवा चुडा, लिंबं, नवं लुगडं. गावातले सगळे जाणते तिथं होते. गावकीतले मुख्य, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते वाटेत आडवे आले. बानं हलगी थांबवली.

"काय रं, डोकं फिरलंय का? पटकीनं गेलेलं पोर गावातनं? आन् ते बी आईच्या गाड्यापुढनं?"

"आबा," बा म्हणाला, "परवा तुमच्या आळीतला गडी ह्याच आजारानं गेला. ह्याच रस्त्यानं गेला. त्याच्या पुढं मीच वाजवीत हुतो. तवा तुमी मला वाट सोडली हुती."

 आबांची नजर आईच्या छातीशी धरलेल्या गाठोड्यावर गेली आणि तिथून पटकन निघाली.

तेवढ्यात गाड्याजवळच्या बायांतून आवाज आला, "पोटचं पोर मेलं तरी गाणं म्हणत्यात. निर्लज्ज हायत निर्लज्ज. ज्या देवानं राखलं न्हाय त्याचा झेंडा मिरवत्यात."

आई वळली. मला आजही तिचं ते वळणं दिसतं. ती ओरडली नाही. पण चावडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल असं बोलली.

"लेकरू मेलं ह्याचं दुख हाय बाई. लाज न्हाय. ज्याचं नाव घेतलं त्याची तर बिलकूल न्हाय. त्यालाबी असंच भर गावातनं नेला हुता, लोक थुंकत हुती. त्यानं आडवाट धरली न्हाई. मग मी का धरू?"

मग ती बाला म्हणाली, "वाजवा."

आबा बाजूला झाले. मला आजही सांगता येत नाही ते का झाले. लाज वाटली, भीती वाटली की एका बाईच्या हातातलं मेलेलं पोर पाहून आतून काही हललं. पण झाले. आम्ही गाड्याला वळसा न घालता, त्याच्या अगदी जवळून पुढं गेलो.

बागेत अण्णांनी आणि त्यांच्या गड्यानं खड्डा खणून ठेवला होता. बानं प्रार्थना केली. ती प्रार्थना पाळकसाहेबांसारखी नव्हती. "प्रभू, ह्यो आमचा हाय आन् तुजाबी हाय. सांभाळ. आमी हितंच हाओत," असं काहीतरी तो म्हणाला. अण्णा हिंदू माणूस, माळकरी. त्यांनी हात जोडले, मूठभर माती टाकली, आणि जाताना आईच्या पायाशी पाण्याची कळशी ठेवली. ते त्यांच्या विहिरीचं पाणी होतं.

त्याच दुपारी गाडा निघाला. आमच्या उंबऱ्यावाचून निघाला. पटकी त्यानंतरही दोन-चार घरांत फिरली आणि त्यांतलं एक घर तात्यांचं होतं.

थोरली चुलती पडली हे आईला कळलं तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. तिनं हातातली काटकी खाली ठेवली आणि उठली. माझ्या मनात आलं ते मी बोलले, "आय, त्यांनी आपल्याला पाणी दिलं न्हाय."

"म्हणूनच जाते," आई म्हणाली. "त्यास्नी दिसू दे पाणी कसं द्यायचं असतं."

यात क्षमा किती होती आणि राग किती होता, मी आजही वेगळं करू शकत नाही. मला वाटतं दोन्ही होतं, आणि देवाला दोन्ही चाललं.

तात्या दारात बसले होते. आई सरळ आत गेली. चुलतीचं डोकं मांडीवर घेतलं, उकळलेलं पाणी, पेजेची निवळ, मीठ घालून, घोटाघोटानं पाजत राहिली. पाजताना तिची प्रार्थना चालू होती, तीही मोठ्यानं. तात्या उंबऱ्यावरून म्हणाले, "पाणी पाज, पर ते नाव घिऊ नगं माझ्या घरात."

आईनं मानही वळवली नाही. "घेणार. ह्यो हात तुमास्नी चालतुया ना भावजी? परवा लेकराला मातीत ठिवून आलेला हाय ह्यो हात. ह्याला उचलायचं बळ कुठनं आलं? त्याचं नाव मी घेणार. नगं असंल तर मला हात धरून भायेर काढा."

तात्या उठले नाहीत. भिंतीकडं तोंड करून रडू लागले.

पुन्हा अण्णांचीच गाडी आली. मी आणि बा चुलतीला घेऊन इंदापूरला गेलो. दवाखान्याच्या पडवीत पटकीचे आजारी ओळीनं झोपवले होते. तिथं तिच्या शिरेतून मिठाचं पाणी चढवलं. ती वाचली. माझा भाऊ का वाचला नाही आणि ती का वाचली, हे मी कैकदा देवाला विचारलं आहे. चुलती वाचली म्हणून माझ्या भावाचं जाणं गोड झालं नाही. ती दोन्ही खाती निराळी राहिली.

पाळकसाहेबांना सगळं कळलं तेव्हा ते आले. सायकल अंगणात टेकवली आणि बाजवळ येऊन बसले. भले माणूस होते. मग म्हणाले, "बारामतीला चला. बोर्डिंगाच्या आवारात खोली देतो. तिथं आपली माणसं आहेत, प्रभूचं देऊळ आहे. इथं किती दिवस सोसणार?"

मला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. बा आईकडं बघत होता, म्हणजे त्याच्याही मनात होतं. आई म्हणाली, "साहेब, तितं समदेच येशूचे. तितं त्याचं नाव घ्यायला काय लागतंय? हितं आमी गेलो तर गाव म्हणंल, पळाले. आन् माझं लेकरू हितं हाय, त्याला कुणाच्या भरवशावर सोडू?"

"पण हा हट्ट झाला बाई."

"व्हय. हट्टच हाय."

पाळकसाहेब हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी प्रार्थना केली, भाकरी खाल्ली आणि गेले. त्या संध्याकाळी मी आईला विचारलं, देवानं आपल्या पोराला का राखलं नाही? मला वाटलं ती काही धीराचं सांगेल. ती म्हणाली, "मला ठावं न्हाय. ठावं असल्यागत बोलणारांचा मला राग येतो. वर गेले की पयलं तेच इचारणार हाय. पर इचारायला त्याच्याकडंच जाणार, दुसऱ्याकडं न्हाय."

चुलती बरी होऊन आली. काठीच्या आधारानं चालायची. एका सकाळी ती कमरेवर घागर घेऊन आमच्या दारात आली आणि आईला म्हणाली, "चल पाण्याला." बाकी काही नाही. दोघी जावा विहिरीवर गेल्या. काठावर तात्या बैलाला पाणी पाजत होते. त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि बैलाला घेऊन बाजूला झाले. कुणी माफी मागितली नाही. आईनंही मागायला लावली नाही. तिनं घागर भरली आणि घरी आली.

तात्या शेवटपर्यंत मरीआईचेच राहिले. गाड्यापुढं वाजवत राहिले, आणि आमच्या उंबऱ्याचा नारळ पुन्हा कुणी मागितला नाही. बागेतला क्रूस एकदा कुणीतरी उपटून पाटात टाकला. बानं दुसरा केला, त्याच्याभोवती दगड रचले. दुसराही गेला, त्यानं तिसरा केला. तो राहिला.

त्या वर्षी नाताळला आम्ही बारामतीला गेलो. देवळात पाहुण्या बाई आल्या होत्या, शहरातल्या. आमची हकिगत त्यांच्या कानावर गेली होती. उपासना संपता संपता त्यांनी आईला पुढं बोलावलं आणि अतिशय मायेनं विचारलं, "अशा दुःखात प्रभूनं तुम्हाला शांती कशी दिली, ते सगळ्यांना सांगा."

आई उभी राहिली. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हात पोटाशी घट्ट धरलेले. सगळं देऊळ तिच्याकडं पाहत होतं.

"शांती काय मिळाली न्हाय बाई," ती म्हणाली. "आजून झोप लागत न्हाय. जेवायला बसले की चौथं ताट घेते आन् परत ठिवते. ईश्वास डळमळला का म्हणाल तर डळमळला. एकदा सोडून दोनदा. पर लोक म्हणाले त्याला सोड, तवा मला कळलं की मी त्याला सोडू शकत न्हाय. आन् त्याची मला लाज बी वाटली न्हाय. आजबी वाटत न्हाय. एवढंच सांगायचं हुतं."

बाई क्षणभर गोंधळल्या. मग मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्यानं आमेन म्हटलं, आणि मग बऱ्याच जणांनी म्हटलं. आई येऊन माझ्याजवळ बसली. तिच्या कपाळावर घाम आला होता. पदरानं तोंड पुसत तिनं हळूच विचारलं, "लई बोलले का गं?"

"न्हाय आय," मी म्हटलं.